अडगळींतील संगणक आणि घरचें भांडार

आमच्या घराण्यांत कोणतीही वस्तु सहसा फुकट जाऊं द्यावयाची नाहीं, असा जुना दंडक आहे. जुन्या लुगड्यांची गोधडी होते, गोधडी विटली म्हणजे तिचें पायपुसणें होतें, आणि पितळेच्या पातेल्यास कल्हई झाली कीं तें आणखी एक पिढी सहज काढतें. परंतु गेल्या पंधरावीस वर्षांत घरोघर जीं विजेचीं यंत्रें आलीं, त्यांना हा दंडक लावण्याचें आम्हांपैकीं पुष्कळांस सुचत नाहीं. कपडा कोठें फाटला हें डोळ्यांस दिसतें. संगणक जुना झाला म्हणजे त्याचें नक्की काय बिघडलें हें दिसत नाहीं. मग तो एक दिवस कोपऱ्यांत जातो, त्यावर जुनी चादर पडते आणि चादरीवर रद्दी चढते.

आमच्या घरींही असेंच झालें होतें. सन २०१३ सालीं मुलांच्या अभ्यासासाठीं घेतलेला टेबलावरचा संगणक तीन वर्षें जिन्याखालीं पडून होता. सन २०२५ च्या दिवाळीपूर्वीं साफसफाई निघाली, तेव्हां वहिनींनीं साफ सांगितलें कीं, "ह्या खेपेस तो डबा भंगारवाल्यास देऊन टाका, फराळाचे डबे ठेवावयास मला ती जागा पाहिजे." वहिनींचें म्हणणें गैर नव्हतें. त्याच सुमारास, म्हणजे १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं, मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० ह्या प्रणालीचा नेहमींचा आधार थांबविला होता. नव्या विंडोज ११ ला टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची सोय आणि बऱ्याच अलीकडील जातीचा प्रोसेसर लागतो. आमच्या यंत्रांत तिसऱ्या पिढीचा 'आय थ्री' प्रोसेसर असल्यामुळें तें ह्या परीक्षेस बसण्यासही पात्र नव्हतें.

थोरले बंधूही 'देऊन टाका' म्हणाले. तेवढ्यांत अभियांत्रिकी शिकणारा आमचा पुतण्या म्हणाला, "काका, हें यंत्र अजून उत्तम चालतें. त्याला नवी विंडोज पेलत नाहीं इतकेंच. घरांतल्या तिन्ही टीव्हींना गाणीं आणि सिनेमे पुरवायला तें पुष्कळ झालें." वहिनींनीं एक महिन्याची मुदत दिली. त्या महिन्यांत व त्यानंतर आम्हीं जें केलें, जें साधलें आणि आमच्या हट्टामुळें जें कायमचें गमावलें, तें आमच्या वाचकांच्या उपयोगीं पडावें म्हणून येथें सांगत आहों.

एक टाकी, अनेक नळ

गच्चीवर पाण्याची एकच टाकी असावी आणि प्रत्येक मजल्यावरच्या नळास तिचें पाणी यावें, तशांतला हा प्रकार आहे. चित्रपट, गाणीं, छायाचित्रें हीं सर्व एका संगणकाच्या डिस्कवर ठेवावयाचीं. कोणत्याही खोलींतील टीव्हीनें अथवा मोबाइलनें मागणी केली, कीं संगणक त्या चित्रपटाचे लहान लहान तुकडे राउटरमार्फत एकामागून एक पाठवीत राहतो. पुढील तुकडा येईपर्यंत मागील तुकडा पडद्यावर दिसत असतो. हें सारें घरच्या घरीं चालतें; बाहेरचें इंटरनेट बंद पडलें तरी अडत नाहीं.

ह्या कामास यंत्राचें बळ फारसें लागत नाहीं. चांगल्या प्रतीचा चित्रपट सेकंदास सुमारें ८० लक्ष बिट, म्हणजे तासास साडेतीन जीबीच्या आसपास, माहिती मागतो. जुनी साधी केबल-जोडणीही सेकंदास १० कोटी बिट वाहून नेते. तेव्हां तिन्ही मजल्यांवर तीन निराळे चित्रपट लागले तरी वाट मोकळीच राहते. एक टीबीच्या डिस्कवर अशा प्रतीचे पावणेतीनशें तास मावतात.

अवघड भाग एकच आहे. चित्रपट ज्या पद्धतीनें दाबून साठविलेला असतो ती पद्धत टीव्हीस कळली नाहीं, तर संगणकास चालत्या चित्रपटाचें रूपांतर करून तो पाठवावा लागतो आणि येथें जुन्या यंत्रास धाप लागते. सन २००३ सालीं आलेली एच २६४ ही पद्धत आजचा जवळजवळ प्रत्येक टीव्ही जाणतो. २०१३ सालची एचईव्हीसी ही पद्धत जागा कमी घेते, पण आमच्या यंत्राच्या प्रोसेसरांत ती उलगडण्याची अंगची सोय नाहीं. म्हणून आम्हीं सर्व चित्रें एच २६४ मध्येंच ठेवण्याचा नियम केला. यंत्रास मग फायली काढून देण्यापलीकडे काम उरत नाहीं.

यंत्राची तपासणी

प्रथम विजेची तार काढून डबा उघडला. आंत दहाबारा वर्षांची धूळ पंख्याच्या पात्यांवर नमद्यासारखी बसली होती. रंगाच्या कोरड्या मऊ ब्रशानें ती झाडली. प्रोसेसरवर जी उष्णता वाहून नेणारी पेस्ट असते ती वाळून खडूसारखी झाली होती. ती पुसून नवी लावली. मदरबोर्डावरची बटणासारखी बॅटरी (तिचा क्रमांक सीआर २०३२) संपल्यामुळें संगणक दर वेळीं भलतीच तारीख सांगत होता, ती बदलली. बोर्डावरील नळकांड्यांसारखे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले नाहींत ना, हें पाहून घेतलें. ते फुगलेले असते तर पुढें खर्च करणें शहाणपणाचें झालें नसतें. चार जीबीची रॅम होती; तसलीच जुनी आणखी चार जीबीची कांडी बसविली. प्रणालीसाठीं १२० जीबीची एक लहान एसएसडी घेतली आणि यंत्र पूर्वीं जेथें सुरू होण्यास चार मिनिटें घेई, तेथें अर्ध्या मिनिटांत हजर होऊं लागलें.

राहिली मूळची ५०० जीबीची हार्ड डिस्क. हिच्या पोटांत तबकड्या अहोरात्र फिरत असतात, आणि ती आपल्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवीत असते. ती नोंद वाचून पुतण्या म्हणाला, "काका, हिचे बरेच सेक्टर निकामी झाले आहेत. भांडारासाठीं नवी डिस्क घ्या, आणि दुसरी नकलेसाठीं." आम्हीं काटकसरीच्या आवेशांत होतों. जुन्यांतूनच सर्व साधावयाचें असा आमचा बाणा! चालते आहे तोंवर चालूं दे, असें आम्हीं उत्तर दिलें. ह्या उत्तराचें फळ पुढें येईलच.

प्रणाली आणि मांडणी

विंडोजऐवजीं आम्हीं डेबियन ही लिनक्स जातीची प्रणाली घातली. सन १९९३ पासून जगभरचे जाणते लोक ती सामायिकपणें घडवीत आले आहेत. तिला पैसे पडत नाहींत आणि जुन्या यंत्रास ती मानवते. नवी प्रणाली घालतांना डिस्कवरील जुनें सर्व पुसलें जातें. तेव्हां जुनीं छायाचित्रें, हिशेब, पत्रें आधीं दुसरीकडे उतरवून ठेवावींत, हें वाचकांनीं विसरूं नये.

त्यावर जेलीफिन नांवाचा कार्यक्रम बसविला. एम्बी नांवाच्या अशाच एका कार्यक्रमाच्या कर्त्यांनीं आपली मूळ लिखावट झांकून ठेवण्याचें ठरविलें, तेव्हां उघडी असलेली जुनी लिखावट घेऊन कांहीं मंडळींनीं डिसेंबर २०१८ मध्यें हा निराळा संसार थाटला. हाही मोफत आहे. संगणकास राउटरशीं वायफायऐवजीं केबलनें जोडावें आणि राउटरमध्यें त्याचा पत्ता कायम करून ठेवावा. मग घरच्या कोणत्याही मोबाइलवर तो पत्ता व पुढें ८०९६ हा क्रमांक घातला कीं भांडाराचें दार उघडतें. पुष्कळ टीव्हींसाठीं ह्याचें अॅप मिळतें. ज्यांच्या घरीं एकच टीव्ही आहे त्यांना एवढाही व्याप नको. त्यांनीं संगणक एचडीएमआय तारेनें टीव्हीसच जोडावा आणि कोडी हा कार्यक्रम वापरावा.

मांडणी मात्र गृहिणीच्या हातची असावी. आम्हीं पुरुषांनीं प्रथम सर्व फायली एकाच ठिकाणीं ओतल्या, तेव्हां कोणासच कांहीं सांपडेना. मग आमच्या सौभाग्यवतींनीं फळीवरच्या डब्यांप्रमाणें कप्पे केले: चित्रपट, गाणीं, कीर्तनें, घरचीं कार्यें, मुलांचें. प्रत्येक चित्रपटाचें स्वतंत्र फोल्डर आणि त्यावर नांव व साल. कार्यक्रमासही हीच शिस्त लागते, कारण नांव-साल पाहूनच तो चित्रपटाची ओळख पटवितो. मुलांसाठीं निराळें खातें करून त्यास त्यांचेच कप्पे दिसतील अशी तजवीज केली.

कॅसेटींचें काम

जुन्या संगणकाचा एक गुण नव्या यंत्रांत सहसा आढळत नाहीं. त्याच्या पाठीमागें निळ्या रंगाचें एक भोंक असतें. त्यास लाइन-इन म्हणतात. टेपरेकॉर्डरच्या तोंडून तार काढून ह्या भोंकांत घातली म्हणजे कॅसेटीवरील आवाज संगणकांत उतरतो. हल्लींच्या लॅपटॉपांस ही सोय बहुधा नसते. त्याचप्रमाणें सीडी-डीव्हीडीची तबकडी वाचण्याचें घर आमच्या ह्या डब्यांत शाबूत होतें.

कपाटांतून एकतीस कॅसेटी निघाल्या. फिलिप्स कंपनीनें सन १९६३ सालीं आणलेली ही पट्टी आमच्याकडे १९७९ सालीं टेपरेकॉर्डरबरोबर आली, आणि पुढें वीस वर्षें घरांत जें कानावर पडण्याजोगें वाटलें तें तात्यांनीं, म्हणजे आमच्या तीर्थरूपांनीं, तिच्यावर उतरवून ठेवलें. चुंबकी पट्टीस पावसाळ्यांत बुरशी येते, गुंडाळी सैल होते. म्हणून प्रथम पेन्सिलीनें गुंडाळी सारखी करावी आणि टेपरेकॉर्डरचें डोकें आयसोप्रोपिल अल्कोहोलांत भिजविलेल्या कापसानें पुसावें. ऑडॅसिटी ह्या मोफत कार्यक्रमानें ध्वनि उतरवितां येतो. आवाजाची पट्टी लाल टोंकास भिडूं देऊं नये. एकदां फाटलेला आवाज मागाहून शिवतां येत नाहीं. कच्चा ध्वनि मिनिटास सुमारें १० एमबी जागा घेतो. फ्लॅक पद्धतीनें ठेवल्यास गुणांत कांहीं न गमावतां ती साधारण निम्म्यावर येते.

ह्या कामांत घाई चालत नाहीं. साठ मिनिटांची कॅसेट उतरावयास साठ मिनिटेंच लागतात. घरांतील मंडळींनीं पाळ्या लावल्या. लग्नांच्या व्हीसीडी मात्र लवकर झाल्या. त्यांतील एमपीइजीएव्ही नांवाच्या फोल्डरांतून फायल उचलली कीं झालें. पण त्यांतील चित्र मुळांतच ३५२ बाय २८८ ठिपक्यांचें असल्यामुळें मोठ्या पडद्यावर तें धुकट दिसतें. नव्या टीव्हीनें तें सुधारेल अशी आशा धरूं नये.

कॅसेटींपैकीं एकीवर तात्यांच्या हातचे 'किरकोळ' एवढेंच शब्द होते. पाळी मुलांची होती. आकाशवाणीवरचें एक भाषण संपलें, खरखर झाली, आणि एकाएकीं तात्यांचा आवाज आला. ते थोरल्या बंधूंच्या मुलीस औटकी म्हणावयास लावीत होते. ती चुके, ते पुन्हां सांगत, आणि मागून मातोश्रींचा आवाज, "अहो, दूध बघतां का?" जेमतेम चार मिनिटें. तात्यांना जाऊन तेव्हां एकोणीस वर्षें झालीं होतीं. दुसऱ्या एका कॅसेटीवर आमच्या आत्याबाईंचीं मंगळागौरीचीं गाणीं निघालीं. त्या गाण्यांपैकीं निम्मीं आतां घरांत कोणासच येत नाहींत. मातोश्री तेव्हां धाकट्या बहिणीकडे नाशिकास होत्या. त्या आल्यावर सर्व एकदमच ऐकवूं, असें ठरलें.

आमची चूक

एकतीस कॅसेटी उतरल्या. वहिनींनीं विचारलें, "आतां ह्यांचें काय?" आम्हीं वडीलकीच्या स्वरांत म्हणालों, "आतां त्यांचें काम संपलें." पहिल्या चौदा कॅसेटी त्याच दिवशीं रद्दीबरोबर गेल्या. उरलेल्या सतरा खालच्या खणांत होत्या; तो खण अडकून बसल्यामुळें त्या राहिल्या, आमच्या शहाणपणामुळें नव्हे.

पुढें तीन आठवड्यांनीं एका सकाळीं संगणकांतून घड्याळासारखी टक् टक् ऐकूं येऊं लागली. दुपारपर्यंत ती डिस्क अजिबात दिसेनाशी झाली. एका जाणत्या कारागिरास दाखविली. त्यानें उघडून पाहिलें. तबकडीवर ओरखडे पडले होते, आणि त्यानें हात टेकले. पुतण्या एक शब्द बोलला नाहीं. त्याचें तें न बोलणें आम्हांस फार लागलें.

अडकलेला खण सुताराकडून उघडविला. 'किरकोळ' त्यांत होती. आत्याबाईंची कॅसेट पहिल्या चौदांत गेली होती. त्या दिवशीं जेवणाच्या वेळीं आम्हीं सर्वांसमक्ष आपली चूक कबूल केली. वहिनी एवढेंच म्हणाल्या, "रद्दी मीं दिली, भावजी, दोष वाटून घेऊं." परंतु तो आमचाच होता. पांचशें जुन्या चित्रपटांची डिस्क गेली असती तर ते पुन्हां मिळविले असते. आत्याबाईंचा आवाज साऱ्या जगांत त्या एका पट्टीवर होता, आणि पट्टीवरून आम्हीं तो मरणोन्मुख तबकडीवर नेऊन पट्टी टाकून दिली.

म्हणून वाचकांस आमचें कळकळीचें सांगणें असें: जुना डबा, जुनी रॅम, जुना पंखा खुशाल वापरा, घरची ठेव मात्र जुन्या डिस्कवर एकटी ठेवूं नका. जाणते लोक तीन-दोन-एक असा नियम सांगतात. प्रत्येक मोलाच्या वस्तूच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर. आम्हीं आतां एक नवी डिस्क संगणकांत बसविली आहे, दुसरी कपाटांत आहे, आणि निवडक ध्वनि व चित्रें पेन ड्राइव्हवर उतरवून ती नाशिकास बहिणीकडे ठेवली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं नक्कल होते. तिची नोंद भिंतीवरच्या कॅलेंडरावर, दूधवाल्याच्या खाड्यांशेजारीं. मूळच्या सतरा कॅसेटीही जपून ठेवल्या आहेत.

विजेचा आणि कायद्याचा हिशेब

थोरल्या बंधूंचा आक्षेप विजेविषयीं होता, आणि तो रास्त होता. असा संगणक स्वस्थ बसला तरी ५० वॅटच्या आसपास वीज खातो. चोवीस तास चालू ठेवल्यास महिन्यास ३६ युनिट होतात. संध्याकाळीं पांचच तास चालविल्यास साडेसात. आम्हीं दुसरा मार्ग धरला आहे. ज्यांना तो अहोरात्र हवा आहे, त्यांनीं चारपांच वॅटांवर चालणारें रास्पबेरी पायसारखें लहान यंत्र घेणेंच दीर्घकाळांत परवडेल. जुनें तेवढें सारें स्वस्त असें समजण्यांत अर्थ नाहीं.

दुसरी गोष्ट कायद्याची. सन १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें चित्रपटाचा व ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून ६० वर्षें टिकतो. त्यामुळें प्रभातचे 'संत तुकाराम' (१९३६), 'माणूस' (१९३९), 'शेजारी' (१९४१) असे चित्रपट ह्या हक्काच्या मुदतीबाहेर गेले आहेत. नव्या चित्रपटांच्या चोरट्या प्रती मात्र घरच्या भांडारांत आणूं नयेत, आणि कुलूपबंद डीव्हीडीचें कुलूप मोडून नकला करण्याच्या फंदांतही पडूं नये. ज्या भांडाराची किल्ली आपण मुलांच्या हातीं देतों, तें स्वच्छ असावें.

तिसरी गोष्ट परगांवच्या मुलांची. कॅनडांतील पुतणीस हें भांडार पाहावयाचें होतें. त्यासाठीं राउटरमध्यें बाहेरच्या जगाकरितां दार उघडण्याचा सोपा मार्ग सांगण्यांत येतो. तो घेऊं नये, कारण त्या दारानें कोणीही डोकावूं शकतो. वायरगार्डसारख्या कुलूपबंद बोगद्यानें फक्त ओळखीच्या यंत्रांस आंत घेतां येतें.

आणि यंत्र खरोखरच निकामी झालें, तर तें अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे द्यावें. सन २०२२ ह्या एका वर्षांत जगांत ६ कोटी २० लक्ष टन विजेच्या वस्तूंचा कचरा झाला आणि त्यांतील पाव हिश्शाचीही रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद नाहीं. दहा वर्षांच्या यंत्राकडून आणखी पांच वर्षें काम करून घेणें, ही त्या राशींत भर न घालण्याची आमच्या हातची एक रीत आहे.

शनिवारची संध्याकाळ

भांडार झालें म्हणजे घर आपोआप एकत्र बसेल, असें मात्र समजूं नये. पहिले पंधरा दिवस तिन्ही मजल्यांवर तीन चित्रपट लागत, आणि मंडळी पूर्वींपेक्षांही विखुरलीं. तेव्हां मातोश्री नाशिकाहून परतल्यावर आम्हीं ठरविलें कीं, शनिवारीं साडेसात ते नऊ खालच्या दिवाणखान्यांतील एकच टीव्ही लागावयाचा, आणि काय लावावयाचें तें पाळीपाळीनें एकेकानें ठरवावयाचें.

पहिली पाळी मातोश्रींची होती. त्यांना आतां दिसतें कमी, मोबाइल हातांत धरवत नाहीं. आम्हीं त्यांना कांहीं न सांगतां 'किरकोळ' लावली. औटकी सुरू झाली. मातोश्री काठी धरून ताठ बसल्या. चार मिनिटें कोणी हललें नाहीं. "अहो, दूध बघतां का?" हे शब्द आले, तेव्हां त्यांनीं मान हलविली आणि म्हणाल्या, "बघितलें नाहीं हो त्यांनीं. उतूं गेलें होतें त्या दिवशीं."

मग त्यांनीं विचारलें, "वन्संचीं गाणीं पण होतीं ना एका कॅसेटींत?" आम्हांस उत्तर देववेना. शेवटीं झालेली हकीकत सांगितली. त्या कांहीं वेळ गप्प राहिल्या. मग सुनांना जवळ बोलावून त्यांनीं स्वतःच आठवून आठवून आत्याबाईंचें एक गाणें म्हणावयास घेतलें. मधलीं कडवीं त्यांना आठवलीं नाहींत. पुतण्यानें न सांगतां मोबाइल पुढें धरला. तें अपुरें गाणें आतां 'घरचीं कार्यें' ह्या कप्प्यांत आहे, आणि त्याच्या तीन प्रती आहेत.

ज्यांच्या घरीं जिन्याखालीं असा एखादा डबा आणि कपाटांत अशा कांहीं कॅसेटी असतील, त्यांनीं पुढच्या दिवाळीची वाट पाहूं नये, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतों.